दुपारनंतरचे डोळे

मित्रांनो, माझी ओळख करून घ्यायची तर आधी माझ्यावर हनुवटी टेकवावी लागते. मग कपाळ समोरच्या पट्टीला चिकटवायचे, तोंड बंद ठेवायचे आणि डॉक्टर सांगतील तिकडे बघायचे. डोळ्यांच्या एका दवाखान्यातला मी जुना दिवा. डॉक्टर मला स्लिट लॅम्प म्हणतात. तपासायला येणारे लोक नुसते 'मशीन' म्हणतात. झाडलोट करणाऱ्या बाईंनी मात्र माझे नाव 'उंट' ठेवले, कारण माझी मान पुढे आलेली आहे आणि पाठीवर कुबड आहे. पुढे सगळा दवाखाना मला उंट म्हणू लागला.

माझे काम तुम्ही घरीही पाहिलेले असेल. दाराच्या फटीतून अंधाऱ्या खोलीत उन्हाची तिरीप येते आणि एरवी न दिसणारी धूळ तिच्यात तरंगताना दिसते. मी हेच करतो. दाराच्या जागी माझी फट असते आणि खोलीच्या जागी माणसाचा डोळा. प्रकाशाची ती बारीक पट्टी मी तिरकी टाकतो आणि माझ्या भिंगांतून बघणाऱ्याला डोळ्याचे थर एकामागे एक दिसतात. आधी बुबुळावरचा काचेसारखा पडदा, त्यामागे स्वच्छ पाण्याची पोकळी, त्यामागे डोळ्याचे स्वतःचे भिंग.

मी एका कारखान्यात तयार झालो. तिथे भिंगे घासणारी माणसे दिवसभर फारशी बोलत नसत, कारण बोलले की श्वास भिंगावर पडतो. मला जोडून झाल्यावर एका कारागिराने पहिल्यांदा माझ्यातून स्वतःचा अंगठा पाहिला आणि शेजारच्याला म्हणाला, "अंगठा नाही हा, नांगरलेलं रान आहे." मग त्याने मला पुसले, भुशाने भरलेल्या पेटीत घातले आणि झाकण ठोकले. पेटी उघडली ती या दवाखान्याच्या अंधाऱ्या खोलीत.

तेव्हा आजच्या मोठ्या डॉक्टर नुकत्याच शिकून आल्या होत्या. आता त्यांना सगळे मॅडम म्हणतात. त्या माझ्यावरच हात बसवून तयार झाल्या. माझ्या पायाशी एक दांडी आहे. ती हलवली की मी पुढे-मागे सरकतो. मॅडम ती दांडी दोन बोटांत धरत, एखाद्याने पेन धरावे तशी. वेल्डिंग करणाऱ्यांच्या डोळ्यांत रुतलेले लोखंडाचे कण, पापणीचा उलटा वाढलेला केस, लहान मुलाने खेळताना घातलेले चमकीचे कण, सगळे आम्ही दोघांनी मिळून शोधले. डॉक्टरांत मतभेद झाला की मॅडम म्हणत, "वाद कशाला? उंटाला विचारा." मला ते आवडे.

सर्वांत जास्त डोळे पाहिले ते मोतीबिंदूचे. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळे पडते. मग ते चहाच्या रंगाचे होते आणि मग धुरकट. डॉक्टर बुबुळाच्या कडेला इवलीशी चीर देतात, जुने भिंग फोडून ओढून काढतात आणि त्या जागी नवे कृत्रिम भिंग बसवतात. काम थोड्या वेळाचे असते. दुसऱ्या दिवशी माणूस माझ्यापुढे येतो आणि आपल्या नातवाच्या नाकावर तीळ आहे हे त्याला नव्याने कळते. फक्त एक गोष्ट आहे. ऑपरेशन चालू असते तेव्हा डोळ्याचे दार उघडे असते. बाकीच्या शरीरात शिरलेल्या जंतूच्या मागे रक्त धावते, पण डोळ्याच्या आत सगळे पारदर्शक असावे लागते, म्हणून तिथे रक्तवाहिन्या फार कमी. जंतू आत गेला की त्याला बराच वेळ कुणी अडवत नाही.

काही वर्षांनी शेजारच्या खोलीत नवे मशीन आले. त्याला पडदा होता आणि डोळ्याचे चित्र त्या पडद्यावर मोठे दिसे. मला कोपऱ्यातली खोली मिळाली. माझ्या हनुवटीच्या पट्टीचा स्क्रू सैल झाला होता, त्याला कुणी चिकटपट्टी गुंडाळली. नव्या मशीनपुढे रांग लांबली की उरलेल्यांना माझ्याकडे पाठवत. दोरेवाल्या मावशी अशाच माझ्या वाट्याला आल्या.

मावशींचे शिवणकामाच्या सामानाचे छोटे दुकान होते. दोरे, बटणे, अस्तरे. शिंपी कापडाचा तुकडा घेऊन येत आणि मावशी त्याला जुळणारे रीळ काढून देत. त्यांचा एक डोळा लहानपणी दगड लागून गेला होता. जे काही जुळवायचे ते उरलेल्या एका डोळ्याने. आता त्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि शिंपी रिळे परत आणून देऊ लागले होते. सोबत त्यांचा भाचा होता. तो मालाची गाडी चालवायचा आणि मावशींकडेच राहायचा.

"मावशी, हनुवटी टेकवा," धाकटे डॉक्टर म्हणाले. हे मॅडमच्या हाताखाली नवीनच आले होते.

"टेकवलीय. आता आणखी टेकवली तर मान त्या बाजूला निघेल."

"मावशी, बोलू नकोस, मशीन हलतं," भाचा मागून म्हणाला.

"मशीन कशाला हलेल, मी हलते. आणि तू गप्प बस, तुला कुणी तपासत नाहीये."

मी पाहिले. भिंग चहासारखे झाले होते, तेही बराच वेळ उकळलेल्या. धाकट्या डॉक्टरांनी मॅडमना बोलावले. मॅडमनी पाहून सांगितले, "ऑपरेशन करू. एकच डोळा आहे, म्हणून मी स्वतः करीन."

"मग काळजी नाही," मावशी म्हणाल्या. "नाहीतर लोक म्हणायचे, दोरेवाली स्वतःच धागा सोडून गेली."

ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून त्यांना माझ्यापुढे बसवले. डोळा स्वच्छ होता. नवे भिंग माझ्या प्रकाशात लखकन चमकले. मावशी मात्र माझ्याकडे न बघता भाच्याच्या शर्टाकडे बघत होत्या.

"हा निळा आहे?"

"निळाच आहे. निळाच होता."

"आणि मी मेली दोन वर्षं तुला सांगतेय, राखाडी शर्ट घालून गिऱ्हाइकांकडे जाऊ नकोस, सुतकी दिसतोस. ऐकून कसं घेतलंस?"

"तुझ्याशी वाद घालण्यापेक्षा राखाडी बरा," भाचा म्हणाला.

यात मावशींची चूक नव्हती. पिवळे पडलेले भिंग निळा प्रकाश आत सोडत नाही. ते काढले की निळा रंग परत येतो, कित्येक वर्षांनी घरी आलेल्या माणसासारखा. धाकट्या डॉक्टरांनी नियम सांगितले. थेंब वेळेवर घाला. डोक्यावरून पाणी घेऊ नका. वाकू नका, वजन उचलू नका. धुळीत जाऊ नका, आठवडाभर घरीच थांबा. मावशींनी सगळ्याला मान हलवली.

त्यानंतर आठवडा व्हायच्या आतच भाचा त्यांना हाताला धरून घेऊन आला. मावशींनी काळा चष्मा लावला होता आणि खोलीत येतानाही काढला नाही. चालताना त्यांचा दुसरा हात भिंतीवरून सरकत होता.

"चष्मा काढा मावशी," धाकटे डॉक्टर म्हणाले. काढला. पापणी सुजली होती, डोळा विटेसारखा लाल. "काय केलंत तुम्ही?"

 उत्तर भाच्याने दिले. "दुकानात गेली होती. मी गाडी घेऊन बाहेर पडलो की ही कुलूप उघडून बसायची. सगळे खण काढून रिळं रंगाने लावत बसलेली, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी पाहिलंय. काल सकाळपासून दुखतंय म्हणे. मला सांगितलं नाही. आज पाणी पेल्यात ओतायचं तर टेबलावर ओतलं, तेव्हा कळलं."

"मला वाटलं, तू ओरडशील," मावशी म्हणाल्या.

"मग आता काय करतोय?"

हनुवटी टेकवली. या वेळी मावशींनी एकही शब्द काढला नाही. मी माझी पट्टी टाकली. बुबुळावरचा पडदा धुरकट झाला होता. त्यामागच्या पोकळीत, जिथे स्वच्छ पाणी असायला हवे, तिथे खालच्या बाजूला एक पांढरा थर साचला होता. वरची कड अगदी सपाट, पेल्याच्या तळाशी दूध उरावे तशी. तो पू होता. धाकट्या डॉक्टरांनी माझी दांडी सोडली आणि मॅडमना बोलवायला बाहेर गेले. मॅडम जवळजवळ धावतच आल्या.

त्यांनी एकदाच पाहिले. मग मावशींपुढे हात धरला. "बोटं किती?"

"बोटं नाही दिसत. हात आहे. हलवताय, ते कळतंय."

"मावशी, डोळ्यात जंतू वाढलेत. आत्ता आतलं थोडं पाणी काढून तपासायला पाठवायचं आणि आतच औषध सोडायचं. उद्यावर नाही. आत्ता."

"मला दुसरा नाहीये," मावशी म्हणाल्या.

"माहीत आहे."

त्यांना ऑपरेशनच्या खोलीकडे नेले. जाता जाता मावशी भाच्याला म्हणाल्या, "चूक माझी आहे. डॉक्टरांना काही बोलू नकोस."

त्याच दिवशी दुपारी निवृत्त बसचालक आले. त्यांचेही ऑपरेशन मावशींच्याच दिवशी झाले होते. बायको पुढे, ते मागे. काकू दारातूनच सुरू झाल्या, "डोकं धुतलं ह्यांनी. मी नको नको म्हणतेय आणि हे नळाखाली. चाळीस वर्षं बस चालवली, पण घरात कधी ब्रेक लागला असेल तर शपथ."

बसचालकांनी हनुवटी टेकवली. मी पट्टी टाकली. तसाच धूर, तसाच सपाट पांढरा थर, मावशींच्यापेक्षा थोडा वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. त्या कुणी विचारायच्या आतच म्हणाल्या, "मी बादली उचलली. खाली वाकून उचलली. तुम्ही सांगितलं होतं, मी विसरले." त्यांच्याही डोळ्यात तेच.

त्यांना बाहेर बसवून धाकटे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तिघांनीही नियम मोडले. लोक ऐकतच नाहीत."

मॅडम माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या होत्या. खोलीतला दिवा बंद होता, फक्त मी चालू होतो. त्या म्हणाल्या, "चुका तीन तऱ्हेच्या आणि डोळ्यात दिसतंय ते एकच. असं कसं?"

 मी इतकी वर्षे मॅडमबरोबर काम केले होते, पण त्यांचा आवाज इतका हळू कधी ऐकला नव्हता.

त्यांनी पोस्टातल्या बाईंना परत आत बोलावले. "त्या दिवशी तुम्हाला ऑपरेशनला आत कधी घेतलं?"

"कधी? आता विचारताय म्हणून सांगते. सकाळपासून उपाशी बसवलं. तुमची सगळ्यांची जेवणाची सुट्टी झाली, वास बाहेरपर्यंत येत होता, आणि मग आम्हाला घेतलं. माझ्यानंतर ते बसवाले. दोरेवाल्या बाई माझ्या आधी गेल्या, त्याही सुट्टीनंतरच. त्या म्हणत होत्या, आता भुकेनेच डोळे मिटतील, भूल कशाला हवी."

"सगळे सुट्टीनंतरचे," मॅडम म्हणाल्या. मग धाकट्या डॉक्टरांकडे वळल्या. "त्या दिवशीच्या प्रत्येकाला फोन करा. दुखतंय म्हणोत की नाही म्हणोत, आज सगळे इथे आले पाहिजेत."

सगळे आले. सकाळच्या वेळेतले डोळे एकामागून एक माझ्यापुढून गेले, सगळे स्वच्छ. दुपारनंतरच्यांत एक शिंपी होता. त्याला जरासे टोचत होते, म्हणून तो घरीच बसला होता. त्याच्या डोळ्यात थर साचला नव्हता, पण पाण्यात कण तरंगायला लागले होते, उन्हाच्या तिरिपेतल्या धुळीसारखे. त्याला लगेच औषध दिले. त्याची नजर पुढे जवळजवळ पूर्ण परत आली. फोन एक दिवस उशिरा गेला असता तर काय झाले असते, ते मी आधीच्या तिघांत पाहत होतो.

मग मॅडमनी ऑपरेशनच्या खोलीतल्या सिस्टरना माझ्या खोलीत बोलावले आणि दार लावून घेतले.

"दुपारनंतर आपण वेगळं काय केलं?"

"काहीच नाही मॅडम. तीच औषधं, त्याच पेटीतली भिंगं. हातमोजे प्रत्येकाला नवे."

"अवजारं?"

"सकाळी तयार ठेवलेले संच सुट्टीपर्यंत संपले. मग वापरलेले धुऊन परत वाफेच्या मशीनमध्ये लावले. ते बरोबर चाललं होतं, मी स्वतः बघितलं."

"मशीनमधून निघाली की गरम असतात."

"हो. म्हणून नेहमीसारखी वाटीत बुडवून गार केली."

"वाटीत पाणी कुठलं?"

"सलाइन. सकाळी बाटली फोडून भरलं होतं. कमी झालं की वरून घालतो."

 मी तिथेच उभा होतो आणि विषय माझ्याही ध्यानात आला. वाफेने अवजारांवरचा एकूण एक जंतू मेला होता. मग तीच अवजारे सकाळपासून उघड्या असलेल्या वाटीत बुडवली गेली. ओलाव्यात वाढणारे जंतू असतात. त्यांना नुसते पाणी मिळाले तरी पुरते. सकाळी भरलेल्या त्या वाटीत सुट्टीपर्यंत काहीच बुडवले नव्हते, कारण थंड संच तयार होते. तिचे काम दुपारनंतर सुरू झाले.

"ही वाटी आपण कधीपासून ठेवतो?" मॅडमनी विचारले.

सिस्टर खाली बघत म्हणाल्या, "तुमचं बोट भाजलं होतं ना मॅडम. चिमटा गरम होता आणि तुम्ही चिडलात. तेव्हापासून."

"मीच म्हणाले होते, काहीतरी करून गार करून द्या."

"हो."

वाटीतले पाणी तपासायला गेले. मावशींच्या डोळ्यातून काढलेल्या पाण्यात जो जंतू वाढला, तोच त्या वाटीत वाढला. ऑपरेशनची खोली बंद झाली. वाटी गेली. अवजारांचे आणखी संच आले, म्हणजे ती झाकणाखाली आपोआप गार होईपर्यंत थांबता येईल. या गोष्टी पटापट झाल्या. राहिली ती एकच गोष्ट.

"पेशंटना सांगायचं का?" धाकट्या डॉक्टरांनी विचारले. "उपचार तर आपण करतोच आहोत. सांगून डोळे परत येणार नाहीत. आणि त्यांनी नियम मोडले, हेही खोटं नाही."

मॅडम म्हणाल्या, "बघू."

मावशींच्या डोळ्यावर मोठे ऑपरेशन करावे लागले. आतला गढूळ झालेला गर काढून टाकला. त्या वरचेवर माझ्यापुढे येऊ लागल्या. पांढरा थर विरला. पडदा हळूहळू निवळला, पण पूर्वीसारखा नाही. दर वेळी हनुवटी टेकवली की त्या आधी तेच म्हणत, "चूक माझी होती डॉक्टर, तुमच्या मेहनतीवर मी पाणी फिरवलं." दर वेळी दांडीवरची मॅडमची बोटे थांबत. मग त्या म्हणत, "वर बघा. आता खाली." मी दिवा आहे. मला डोळ्याच्या आतले दिसते, माणसाच्या मनात काय चालले आहे ते नाही. पण थांबलेली बोटे मला कळत होती.

बसचालकांचा तो डोळा गेला. उजेड आणि अंधार एवढेच उरले. पोस्टातल्या बाईंना दारखिडकी समजे. मावशींना समोरच्याचा चेहरा दिसू लागला, पण नाकडोळे नीट नाही. उन्हात धरले तर कापडाचा रंग कळे. सुईचे नेढे मात्र आता त्यांच्यासाठी नव्हते.

एक दिवस तपासणी चालू असताना भाचा मागून म्हणाला, "मॅडम, आता तुम्हीच हिला सांगा. परत दुकान उघडायचं म्हणते. दुकानाची किल्ली मी काढून घेतलीय. गाळा विकायला सांगितलाय. ज्या दुकानाने डोळा खाल्ला, ते ठेवायचं कशाला?"

मावशी माझ्या पट्टीवर हनुवटी टेकवून म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं. तोंड कुठाय मला बोलायला?"

मॅडमनी मला बंद केले. खोलीतला मोठा दिवा लावला. हे त्या तपासणीच्या मध्येच कधी करत नसत.

"मावशी, दुकानामुळे झालं नाही हे," त्या म्हणाल्या. "जंतू आमच्या इथून तुमच्या डोळ्यात गेला. ऑपरेशनच्या वेळीच. आम्ही अवजारं ज्या पाण्यात गार करत होतो, ते पाणी खराब होतं. ती पद्धत माझ्या सांगण्यावरून पडली होती."

मावशी हनुवटी टेकवूनच बसल्या होत्या. कुणी उचला म्हटले नव्हते.

"म्हणजे मी घरात अंथरुणावर पडून राहिले असते, तरी हे झालंच असतं?"

"झालंच असतं. दुखायला लागल्याबरोबर आला असतात, तर कदाचित आणखी थोडी नजर वाचली असती. पण जंतू तुम्ही आणला नव्हता."

"कळलं कधी तुम्हाला?"

"तुम्ही आलात त्याच आठवड्यात."

मावशींनी डोके उचलले. "आणि एवढे दिवस मी इथे बसून माफी मागत होते, तेव्हा तुम्ही काय ऐकत होतात?"

 मॅडम म्हणाल्या, "मी घाबरले होते."

"मीही घाबरलेच होते," मावशी म्हणाल्या. "म्हणून तर दुखतंय ते सांगितलं नाही." त्यांच्या आवाजात माफ केल्याची खूण नव्हती आणि रागही चढा नव्हता. त्या मागे वळल्या आणि भाच्याच्या दिशेने हात पुढे केला. भाचा तसाच उभा राहिला. मग त्याने खिशातून किल्ली काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. काहीतरी बोलायला म्हणून तो म्हणाला, "संध्याकाळी मी येईन खण काढायला. वरचे तुझ्या हाताला येत नाहीत."

"गाळा विकायचा नाही, ते त्या माणसाला आधी सांग. खणांचं नंतर."

दाराशी जाऊन मावशी थांबल्या. "बाहेर ते बसवाले बसलेत. त्यांची बायको त्यांना जेवतानासुद्धा ऐकवते, डोकं धुतलं म्हणून. मी शेजारी बसून ऐकत असते. त्यांना सांगितलं?"

"नाही अजून."

"मग आता माझ्यावर वेळ घालवू नका. त्यांना आत घ्या."

बसचालक आत आले. काकूही आल्या. मॅडमनी मला लावलेच नाही. त्या खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या आणि मावशींना सांगितले तेच त्यांना सांगितले, एक शब्द कमी न करता. बसचालकांनी ऐकून घेतले.

"म्हणजे डोकं धुतलं म्हणून नाही?"

"नाही."

"नळाखाली नाही?"

"नाही काका."

त्यांनी मान वळवली, ज्या बाजूने दिसते त्या डोळ्याने बायकोकडे बघण्यासाठी.  काकू पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला घरी सांगितलं असतंत ना, की माझ्या हातून नाही झालं."

"मला तरी कुठे ठाऊक होतं," बसचालक म्हणाले.

मग काकू मॅडमकडे वळल्या. "हे सांगितलंत ते ठीक. पण आता ह्यांच्या डोळ्याचं काय?"

त्या प्रश्नाला मॅडमकडे औषध नव्हते. त्यांनी तसेच सांगितले. पोस्टातल्या बाईंना आणि त्या शिंप्यालाही बोलावून सांगितले. नंतर यावरून दवाखान्यात बरीच बोलाचाली झाली, तक्रारी झाल्या, चौकशी झाली. मॅडमनी ती सगळी ऐकून घेतली आणि जे झाले तेच प्रत्येक वेळी सांगितले. शिकाऊ डॉक्टर आता माझ्या खोलीत शिकायला येतात. त्यांना डोळा कसा बघायचा हे मॅडम माझ्यावर दाखवतात आणि हात कसे धुवायचे, अवजार कुठे ठेवायचे, काय कशात बुडवायचे नाही, हे त्याआधी दाखवतात. मुले कंटाळतात. मॅडम पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

मित्रांनो, माझी चिकटपट्टी आता काळी पडली आहे आणि दिवा मधूनच लुकलुकतो. मला तेल-पाणी करा म्हणून मी तुमच्याकडे हट्ट धरणार नाही. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात कुणाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होईल. बहुतेकांचे ते छान होते, हे मी हजारो डोळे पाहून सांगतो. पण नंतर कधी तो डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा कालच्यापेक्षा आज कमी दिसू लागले, तर तो माणूस कदाचित तुम्हाला सांगणार नाही. त्याने काहीतरी केलेले असेल, निदान त्याला तसे वाटत असेल. डोके धुतले असेल, बादली उचलली असेल, दुकान उघडले असेल. तेव्हा त्याला "काय केलंस?" असे विचारू नका. "दुखतंय का?" एवढेच विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर उत्तराची वाट न बघता त्याला माझ्यासारख्याच्या समोर आणून बसवा.